म्हातारी भेटली, जेवण गरम होतं

आधीच माफी मागून ठेवतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. आमच्याकडे लिहिणं म्हणजे दाखल्यावरची सही, आणि नवा सिलिंडर लावला की कॅलेंडरवर केलेली खूण. मी स्वतः इंजिनिअरिंगला आहे. एक वाक्य लिहून झालं की ते खरं आहे ना, हे बघायला मी दोनदा मागे जातो, त्यामुळे माझं लिखाण फार सावकाश पुढे सरकतं. त्यात विषय ग्रीक पुराणातल्या बायकांचा, आणि त्याही मोठ्या देवी नव्हेत, तर कोपऱ्यात उभ्या असणाऱ्या. एवढ्या गोष्टी विरोधात असताना मी लिहायला बसलो आहे. ज्यांना या विषयातलं खरोखर कळतं त्यांनी मला सांभाळून घ्यावं, किंवा सरळ पान उलटावं. मला वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल.

सिंगापूरला मी शिष्यवृत्तीवर आलो. आमच्या विद्यापीठात नियम आहे, की इंजिनिअरिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं बाहेरचा एक विषय घ्यायचा. नाव नोंदवायची खिडकी सकाळी नऊला उघडणार होती. नऊला मी हॉस्टेलच्या वॉशिंग मशिनसमोर माझ्या नंबराची वाट बघत उभा होतो. कपडे वाळत घालून आलो तोवर फोटोग्राफी भरली होती, कोरियन भाषा भरली होती, मधमाश्या पाळण्याचा एक विषय होता तोसुद्धा भरला होता. उरला होता तो ग्रीक पुराणकथांचा. मी म्हटलं, ठीक आहे, देव, राक्षस, शाप, वरदान यात आपल्याला नवं काय असणार?

आमच्या प्राध्यापिका सिंगापूरच्याच. बारीक चणीच्या, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, आणि आवाज इतका हळू की सगळा वर्ग पुढे झुकून बसायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, ‘‘जिचा पुतळा तुम्ही पाहिला आहे, ती बाई घ्यायची नाही.’’ प्रत्येकानं एक लहानशी बाई निवडायची होती. कुणाची दासी, कुणाची दाई, एका ओळीत येऊन जाणारी कुणी. सत्राच्या शेवटी तिची गोष्ट आपल्या घरी सांगतात तशी लिहायची, आणि खाली प्रत्येक भाग कुठून आला ते नोंदवायचं. त्या म्हणाल्या, ‘‘कुठून आलं ते माहीत नसेल तर ते लिहू नका.’’ मी हे वाक्य वहीत उतरवलं आणि खाली दोन रेघा मारल्या. त्या रेघा अजून आहेत.

माझ्या शेजारी बुकित तिमाहला राहणारी एक मुलगी बसायची. आईवडील पुण्याचे, दोघंही आयटीत. पहिल्या दिवशी मी तिच्याशी मराठीत बोललो, ती इंग्रजीत उत्तरली. तेव्हापासून आमचं असंच चालतं. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत सांगते, आणि दोघांनाही वाटतं की समोरचा हट्टी आहे. तिनं झटकन हात वर करून एक वनदेवी पटकावली. मी सगळ्यांचं होऊ दे म्हणून थांबलो. माझ्या वाट्याला शेवटची उरलेली आली, हेकाली नावाची एक गरीब म्हातारी.

आता बाबांविषयी सांगतो. बाबा सिंगापूरच्या बंदरात टगवर असतात. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून, ढकलून धक्क्याला लावणारी छोटी दणकट बोट. बाबा तिचं इंजिन बघतात. मला इथं प्रवेश मिळाला तेव्हा ते गावी परतायच्या बेतात होते. मग त्यांनी आपलं काम दोन वर्षांनी वाढवून घेतलं. एका शहरात असू, एवढंच म्हणाले. मला वाटतं, तेव्हापासून बंदरातल्या निम्म्या बोटींना वायरलेसवरून कळलं असावं की आमचा मुलगा इथं शिकतो.

ईस्ट कोस्टच्या मागच्या गल्लीत, एका कॉफीशॉपच्या वर, बाबा आणखी दोघांबरोबर राहतात. दोघंही आमच्याच कोकणातले. एक तांडेलकाका, म्हणजे टगचे चालक. आमच्याकडे होडीच्या म्होरक्याला तांडेल म्हणतात, म्हणून मी त्यांना तसं म्हणतो. दुसरे भंडारीकाका. ते पूर्वी मोठ्या जहाजांवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होते. आता टगवर दोरखंड ओढतात, पण फ्लॅटमध्ये शेगडीला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. तिघांच्या पाळ्या अशा, की एक जण आठवडाभर बोटीवरच असायचा आणि दोघं घरी. दर रविवारी मी एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, आणि मग बस पकडून तिथं जेवायला जायचो.

त्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या कडेला सुतळीनं बांधलेली एक जाड वही लटकते. टगवर पाळी बदलताना जसा लॉग, म्हणजे रोजच्या नोंदी, लिहितात, तसाच हे तिघं घराचाही लिहितात. नळ गळतो का, तांदूळ किती उरले, कुणाचा फोन आला होता. जो बोटीवर आहे त्याला रविवारी संध्याकाळी पानाचा फोटो पाठवायचा, म्हणजे तो उतरला की त्याला काही विचारावं लागत नाही. तिघांचं अक्षरही एकसारखं, सुटं सुटं, जहाजावर शिकवतात तसं. मी त्यांना वर्गातल्या गोष्टी सांगायला लागलो, तशा त्याही वहीत जायला लागल्या. पहिली नोंद अशी होती :

‘‘रविवार. हवामान ढगाळ. हजर : तांडेल, भंडारी, मुलगा. नळाचा वायसर बदलला. सुरमई संपली. गोष्ट : एक पोरगी सूर्याच्या प्रेमात पडली. नऊ दिवस उन्हात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. अन्नपाणी नाही. शेवटी फूल झाली. शेरा : टोपी घालायला हवी होती.’’

मला या शेऱ्यांची चटक लागली. पुढच्या रविवारी मी गॅलँथिस नावाच्या दासीची गोष्ट सांगितली. तिची मालकीण सात दिवस बाळंतवेणांत तळमळत असते, कारण मोठ्या देवीच्या हुकमावरून बाळंतपणाची देवीच दाराबाहेर बोटांत बोटं गुंतवून, पायावर पाय टाकून बसलेली असते. ती तशी बसली आहे तोवर सुटका नाही. ही दासी बाहेर येते आणि मोठ्यानं सांगते, ‘‘झाला! मुलगा झाला!’’ देवी दचकून उठते, बोटं सुटतात, आणि मूल खरोखरच जन्मतं.

‘‘शाब्बास पोरी!’’ तांडेलकाकांनी मांडीवर थाप मारली.

‘‘मग देवीनं तिला शाप दिला. मुंगसासारखा एक प्राणी केलं तिला,’’ मी म्हटलं.

‘‘कशाबद्दल?’’

‘‘फसवलं म्हणून.’’

‘‘आणि ती देवी दारात ठिय्या देऊन बसली होती, ते चालतं काय रे?’’

वहीत नोंद झाली : ‘‘दासी हुशार. मुंगूस केली. अन्याय.’’

यांबीच्या वेळी तर मी फार अडचणीत आलो. आपल्या मुलीला कुणी पळवून नेल्यामुळे एक देवी खात नाही, पीत नाही, हसत नाही. यांबी नावाची मोलकरीण तिला विनोद सांगून हसवते आणि मग ती देवी घोटभर सातूचं पाणी घेते.

‘‘काय विनोद सांगितला?’’ भंडारीकाकांनी विचारलं.

मी पुस्तकात त्याबद्दलच्या टिपा वाचल्या होत्या. बाबा समोर बसले होते. मी म्हटलं, ‘‘ते लिहून ठेवलेलं नाही.’’ त्या रविवारची नोंद बाबांच्या हातची होती : ‘‘विनोद मुलाला माहीत आहे. सांगत नाही.’’

मग माझ्या हेकालीची पाळी आली. तिची गोष्ट ज्या जुन्या लिखाणात आहे ते फाटलेलं, तुकड्या तुकड्यांनी उरलेलं. एका तुकड्यात झोपडी, दुसऱ्यात पाऊस, मध्ये चार ओळी गायब. मी अर्ध्यापर्यंत वाचलं होतं आणि तेवढंच सांगितलं. एक तरुण वीर रानटी बैल पकडायला निघाला आहे. वाटेत वादळ होतं. एका झोपडीतली म्हातारी त्याला आत घेते, पाय धुवायला पाणी तापवते, भाकरी, पाला आणि ऑलिव्ह वाढते.

‘‘ऑलिव्ह म्हणजे ते पिझ्झ्यावरचं काळं?’’ भंडारीकाका.

‘‘हो.’’

‘‘वादळातून आलेल्या माणसाला ते दिलं तिनं?’’

‘‘गरीब होती, काका.’’

‘‘गरीब असली म्हणून काय झालं? पातळ काहीतरी करायचं. घशाखाली उतरेल असं.’’

सकाळी तो निघतो, तेव्हा ती नवस बोलते, की हा सुखरूप परत आला तर देवाला नैवेद्य करीन. नवसाचं ऐकून तिघांनाही ती एकदम ओळखीची वाटली. पुढे तो बैल पकडतो.

‘‘मग? म्हातारीकडे गेला की नाही?’’ तांडेलकाकांनी विचारलं.

‘‘पुढचं अजून वाचायचं आहे.’’

‘‘मेल्या, अर्धवट कशाला आणतोस? वाचून यायचं.’’

बाबांची त्या दुपारी ड्यूटी सुरू होत होती. पिशवी खांद्याला लावून ते दारात थांबले आणि म्हणाले, ‘‘गेला का नाही, ते कळव.’’

पुढच्या रविवारी माझी सर्किट्सची परीक्षा होती, त्याच्या पुढच्या रविवारी प्रयोगवही द्यायची होती. मी गेलो नाही आणि हेकालीचं उरलेलं पानही वाचलं नाही. हे मी लपवत नाही. त्यानंतर मी पुन्हा जायला लागलो, पण तोवर गोष्टी बदलल्या होत्या, दाया आल्या होत्या, नदीच्या मुली आल्या होत्या. निबंध द्यायचा दिवस आला तेव्हा माझ्याकडे एक दुपार होती. लायब्ररीत जाऊन ते तुकडे पुन्हा जुळवण्यापेक्षा मला सोपं सुचलं. भंडारीकाकांना फोन करून मी वहीतल्या म्हातारीच्या पानांचे फोटो मागवले. शुद्ध मराठी, मुद्देसूद, आणि मीच सांगितलेलं. दुसऱ्या फोटोत वरच्या चार ओळींवर काकांचा अंगठा आला होता. खालचं मात्र स्वच्छ दिसत होतं :

‘‘बैल बांधून परत आला. म्हातारी दारातच होती. म्हातारी भेटली. जेवण गरम होतं. शेरा : सर्व ठीक.’’

मला ही ओळ सांगितल्याचं आठवत नव्हतं. पण मी एवढ्या गोष्टी सांगितल्या होत्या, की कुठलीच ओळ सांगितल्याचं नीट आठवत नव्हतं. मी त्याचं इंग्रजी करत लिहीत सुटलो. ग्रीकांच्या साध्या बायकांना झाड व्हावं लागतं, फूल व्हावं लागतं, मुंगूस व्हावं लागतं. फक्त हेकाली अशी आहे की तिचा पाहुणा वेळेवर परत येतो, असं मी शेवटी लिहिलं. खाली त्या जुन्या तुकड्यांचं पुस्तक आणि पान नंबर टाकला. आयुष्यात प्रथमच मला वाटलं, की आपल्यालाही काही लिहिता येतं.

दोन दिवसांनी कँटीनमध्ये बुकित तिमाहच्या मुलीनं माझा निबंध मागून वाचला. वाचताना तिची नूडल्सची काडी हवेत थांबली.

‘‘बट शी डाइज, लाह,’’ ती इथल्या ढंगात म्हणाली.

‘‘कोण?’’

‘‘युअर म्हातारी.’’

सबंध सत्रात तिच्या तोंडून ऐकलेला हा एकच मराठी शब्द. मी लायब्ररीत धावत गेलो. शेवटचं पान तिथंच होतं. तो परत येतो तोवर म्हातारी गेलेली असते. शेजारी त्याला सांगतात. मग तो तिच्या नावानं दर वर्षी एक सण सुरू करतो. जेवण गरम होतं, असं कुठंच नव्हतं. जेवणच नव्हतं.

तीन दिवसांनी प्राध्यापिकांचा ईमेल आला. माझ्या निबंधाचा शेवट दिलेल्या पानावर सापडत नाही, पुढच्या आठवड्यात मूळ आधार घेऊन भेटावं. खाली नियमाचा क्रमांक होता. मी तो नियम उघडून वाचला. मनानं रचलेलं लिहून त्याला खोटा आधार दिला असं ठरलं, तर शिष्यवृत्ती जाते. शिष्यवृत्ती गेली की माझा इथं राहायचा पास जातो, पास गेला की मी गावी. आणि बाबा इथं दोन वर्षं वाढवून एकटेच राहणार, वायरलेसवर सगळ्यांच्या चौकशा ऐकत.

त्या रविवारी नशिबानं तिघंही घरी होते, बाबांची टग दुरुस्तीला डॉकमध्ये गेली होती. मी आत शिरलो तो सरळ वहीकडे. अंगठ्याखाली लपलेल्या ओळी वाचल्या : ‘‘रविवार. मुलगा आला नाही, परीक्षा. हजर : तांडेल, भंडारी. गोष्ट पुढे.’’

‘‘हे कुणी लिहिलं?’’ मी विचारलं.

तांडेलकाका टीव्हीकडे बघायला लागले. टीव्ही बंद होता.

‘‘मी लिहिलं,’’ भंडारीकाका म्हणाले. ‘‘तू आला नाहीस. तुझे बाबा बोटीवरून सारखे विचारत होते, गेला का, गेला का. मग मी गावी पोरीला फोन केला. तिनं मोबाइलवर बघून सांगितलं.’’

‘‘मग तिनं सांगितलं नाही का, म्हातारी मेली म्हणून?’’

‘‘सांगितलं ना.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय? तुझे बाबा ड्यूटीवर होते. बोटीवरच्या माणसाला मयताची बातमी द्यायची नसते. किनाऱ्याला लागला की सांगायची. एवढं तुला ठाऊक नाही?’’

ठाऊक होतं. आमच्याकडे समुद्रावर असणाऱ्या प्रत्येक घराला हे ठाऊक आहे. माणूस मशिनजवळ असतो, दोरखंडाजवळ असतो, त्याचं लक्ष उडायला नको. घरचं कुणी गेलं तरी फोनवर सगळे ठीक आहेत म्हणतात आणि तो उतरला की मग सांगतात.

‘‘काका, ती म्हातारी काही हजार वर्षांपूर्वी मेली!’’

‘‘म्हणून काय झालं? तुझ्या बाबांना कुठं माहीत होतं?’’

‘‘मी म्हटलं होतं याला,’’ तांडेलकाका म्हणाले, ‘‘नुसतं ‘भेटली’ लिही. जेवण गरम कशाला घातलंस?’’

‘‘भेटली म्हटल्यावर जेवण आलंच. आणि थंड देईल ती?’’

‘‘उतरल्यावर सांगायचं होतं ना मग!’’

‘‘उतरला त्या दिवशी ते मासे आणले होते तुम्ही, पोटं न साफ केलेले. त्यात विसरलो.’’

एवढा वेळ बाबा शेगडीजवळ ताट घेऊन उभे होते. त्यांनी ताट ओट्यावर ठेवलं.

‘‘म्हणजे म्हातारी गेली?’’ त्यांनी विचारलं.

भंडारीकाकांनी मान हलवली.

‘‘कधी?’’

‘‘तो यायच्या आधी,’’ मी म्हटलं.

‘‘आणि नवस?’’

‘‘राहिला.’’

बाबा खुर्चीवर बसले. मला खरं तर माझ्या शिष्यवृत्तीचं सांगायचं होतं, पण घरात कुणी गेल्यासारखं वातावरण झालं होतं आणि त्यात मध्येच आपलं काढणं बरं दिसेना. दहा मिनिटांनी भंडारीकाकांनी चहा केला, तेव्हा मी सांगितलं. मग तांडेलकाकांनी सुतळीची गाठ सोडली आणि वही माझ्या हातात दिली.

‘‘लॉग आहे. लॉग दाखवायचा. चौकशी होते तेव्हा लॉगच दाखवतात.’’

प्राध्यापिकांच्या खोलीत मी वही टेबलावर ठेवली. तिला किंचित माशांचा वास येत होता. त्यांनी ती दोन बोटांनी उघडली आणि म्हणाल्या, ‘‘वाचून दाखव. इंग्रजीत.’’

मी सुरुवातीपासून वाचायला लागलो. हवामान, हजेरी, वायसर. टोपी घालायला हवी होती, हे वाचलं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘‘हे कुणाचं मत?’’

‘‘टगच्या चालकाचं, मॅडम.’’

‘‘पुढे.’’

मुंगूस आणि अन्याय झाला. यांबीची नोंद मी गाळून पुढे जात होतो, तर म्हणाल्या, ‘‘मधलं एक पान सुटलं.’’ मी वाचलं : विनोद मुलाला माहीत आहे, सांगत नाही. हसू लपवायला त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. शेवटी हेकालीचं पान आलं. मी अंगठ्याचं सांगितलं, ड्यूटीचं सांगितलं, बोटीवरच्या माणसाला बातमी का देत नाहीत ते सांगितलं, आणि शेवटचं पान मी वाचलंच नव्हतं, हेही सांगितलं. ते सांगायची तयारी मी घरून करून गेलो नव्हतो, ते तिथंच बाहेर पडलं.

‘‘म्हणजे पान नंबर तू न वाचता दिलास,’’ त्या म्हणाल्या.

‘‘हो.’’

‘‘मला मघाशी हसू आलं, ते तू पाहिलंस. त्यानं नियम बदलत नाही. हे समितीकडे जाईल.’’

वही त्यांनी ठेवून घेतली. फ्लॅटमध्ये तीन आठवडे वहीच नव्हती. त्या काळात तांदूळ दोनदा आणले गेले आणि गॅस कुणीच मागवला नाही.

मी जेवेनासा झालो. भंडारीकाकांना ते बघवेना. बाबांची टग डॉकमधून निघायला अजून दोन दिवस होते आणि बाकीच्या दोघांचीही पाळी नव्हती. एका बुधवारी मला लेक्चर नव्हतं. भंडारीकाका म्हणाले, ‘‘चला, पुलाउ उबीनला जाऊ. पोराला हवा लागेल.’’ सुट्टीच्या दिवशी बोटीत बसून बेटावर जायचं, हे बोटीवरच्याच माणसांना सुचू शकतं. तिथं सायकली घेतल्या. तांडेलकाका तीस वर्षं बोटी वळवत आले आहेत, पण सायकल वळवताना त्यांना पूर्ण थांबून, उतरून, तिला हातानं फिरवावी लागते हे त्या दिवशी कळलं. दुपारी एका जुन्या लाकडी घराच्या सावलीत आम्ही डबा उघडला. बाबांनी पहिला घास बाजूला काढून ठेवला. ‘‘म्हातारीला,’’ म्हणाले. कुणी हसलं नाही, मीही नाही.

परतीची बमबोट, म्हणजे बेटावर ने-आण करणारी लाकडी होडी, बारा माणसं जमल्याशिवाय सुटत नाही. आम्ही चौघं, एक जोडपं, पाच शाळकरी मुली. बाराव्या माणसाची वाट बघत आम्ही अर्धा तास धक्क्यावर बसलो. शेवटी एक बाई केळीचा घड घेऊन आली आणि बोट सुटली. किनाऱ्यापासून हातभर लांब गेलो नाही, तोच माझा फोन थरथरला. विद्यापीठाचा ईमेल. विषयाच्या ओळीत फक्त ‘निर्णय’.

‘‘काय आहे?’’ बाबांनी विचारलं.

‘‘आला.’’

मी उघडणार तेवढ्यात भंडारीकाकांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

‘‘बोटीत नाही.’’

‘‘काका, मी काही ड्यूटीवर नाही!’’

‘‘बोटीत आहेस ना? मग गप बस.’’

‘‘कदाचित चांगली बातमी असेल.’’

‘‘चांगली असली तर दहा मिनिटांत नासत नाही.’’

मी तांडेलकाकांकडे बघितलं. ते म्हणाले, ‘‘बरोबर आहे त्याचं.’’ बाबांकडे बघितलं. बाबा पाण्याकडे बघत होते. पण त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता. भंडारीकाकांनी फोन रिकाम्या डब्यात टाकून झाकण लावलं. डबा दोनदा थरथरला. शाळकरी मुली डब्याकडे बघायला लागल्या. केळीवाल्या बाईनं काय झालं म्हणून खुणेनं विचारलं, तर तांडेलकाकांनी आपल्या मोडक्या मलायमध्ये तिला काहीतरी सांगितलं. तिनं माझ्याकडे फार कीव आल्यासारखं पाहून एक केळं दिलं.

दहा मिनिटं मी ते केळं हातात धरून बसलो होतो. चांगीचा धक्का आला, बोट टायरना घासून थांबली. बाबा आधी उतरले आणि मला हात दिला, लहानपणी द्यायचे तसा. दोन्ही पाय सिमेंटवर टेकले आहेत याची भंडारीकाकांनी वाकून खात्री केली आणि मगच झाकण काढलं. फोनला लोणच्याचं तेल लागलं होतं.

मी मनात वाचायला लागलो, तर तांडेलकाका ओरडले, ‘‘मोठ्यानं!’’ म्हणून एकेक ओळ मराठीत करून सांगत गेलो. नियम मोडला गेला आहे. न वाचलेल्या पानाचा आधार देणं ही चूक आहे आणि तिची नोंद राहील. मात्र फसवण्याचा हेतू दिसत नाही. निबंध एका आठवड्यात पुन्हा लिहून द्यायचा, त्याला पास होण्यापुरतेच गुण मिळतील. शिष्यवृत्ती चालू राहील.

‘‘चालू राहील म्हणजे राहील ना?’’ बाबांनी विचारलं.

‘‘राहील.’’

‘‘परत वाच.’’

मी परत वाचलं. त्याच्याखाली प्राध्यापिकांनी स्वतः तीन ओळी लिहिल्या होत्या. वही ऑफिसात ठेवली आहे, ती घेऊन जावी, घरी तिची गरज असणार. हेकाली मरते, हे या वेळी स्पष्ट लिहावं. पण ‘म्हातारी भेटली, जेवण गरम होतं’ हे वाक्य काढू नये. ते कुठून आलं, तेवढं फक्त खाली नोंदवावं.